सफेदा, रंगारी आणि बिगारी : जुन्या इमारतींतील शिशाच्या विषाचा इतिहास आणि नावांचा प्रश्न

१

एखाद्या जुन्या इमारतीस नवा रंग द्यावयाचा झाला म्हणजे प्रथम जुना रंग काढावा लागतो. हे काम रंगारी स्वतः क्वचितच करतो. नाक्यावरून दोन-चार बिगारी आणले जातात. त्यांच्या हाती पत्री आणि पॉलिशकागद दिला जातो. आणि पुढील दोन-तीन दिवस दारे, खिडक्या व जिन्यांचे कठडे घासून लाकूड आणि लोखंड उघडे करण्यात जातात. इमारत कोणी बांधविली, तिला खर्च किती आला, याच्या नोंदी सापडतात. रंग कोणत्या साली दिला याचीही नोंद एखादे वेळी सापडते. जुना रंग कोणी खरवडला, याची नोंद मात्र सहसा सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या दगडी इमारतीतील सागवानी खिडक्यांचे असे घासकाम प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. चार माणसे परांचीवर बसून कोरड्या कागदाने खिडक्या घाशीत होती. तोंडाला फडके बांधले होते, तरी भुवया आणि पापण्या भुकटीने पांढुरक्या झाल्या होत्या. खाली एक बाई केरसुणीने ती भुकटी गोळा करीत होती, आणि तिचे मूल त्याच भुकटीत बोटाने रेघोट्या ओढीत होते. ‘ही भुकटी कसली?’ असे विचारल्यावर त्यांतील वयस्क माणूस म्हणाला, ‘जुना रंग आहे, सर. दुसरं काय असणार?’ मुकादमाच्या हजेरीपत्रकात त्या पाचही जणांच्या नावांपुढे एकच शब्द होता : बिगारी. त्या रंगात काय होते हे कोणी तपासले नव्हते, आणि तपासावे असे कोणास सुचलेही नव्हते.

‘जुना रंग’ आणि ‘बिगारी’ या दोन शब्दांमागे काय दडले आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक वैद्यकाचा अथवा रसायनशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तो भाषेचा अभ्यासक आहे. तथापि शिशाच्या विषाचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, त्याविषयीचे ज्ञान फार पूर्वीपासून उपलब्ध होते. परंतु पदार्थाच्या नावात धातू दिसत नव्हता आणि माणसाच्या नावात त्याचे काम दिसत नव्हते. या दुहेरी आडपडद्यामुळे ते ज्ञान ज्याच्या उपयोगी पडावयाचे त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचले, आणि अनेक ठिकाणी अद्यापि पोचलेले नाही.

२

प्रथम पदार्थांच्या नावांचा विचार करू. तैलरंगात पांढरेपणा आणि दाटपणा आणण्यासाठी शतकानुशतके जो पदार्थ वापरला गेला तो शिशाचे कार्बोनेट होय. मराठीत त्यास ‘सफेदा’ म्हणतात. फारसीतील ‘सफेद’ या विशेषणापासून हा शब्द आला, आणि त्याने बरोबर आणला तो केवळ वर्ण. धातूचा मागमूसही त्यात नाही. म्हणूनच पुढे जस्ताचे पांढरे भस्म बाजारात आले तेव्हा तेही ‘सफेदा’ या नावानेच विकले जाऊ लागले. एक विषारी आणि दुसरे त्या मानाने निरुपद्रवी, अशा दोन पदार्थांना एकच नाव मिळाले. ‘सफेदी’ हा शब्द त्याहून निराळा. भिंतीला सफेदी करणे म्हणजे चुना देणे. त्यात शिसे नाही. एका स्वराच्या फरकाने अर्थ कोठून कोठे जातो, याचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात देण्याजोगे आहे. परांचीवरील माणसाच्या दृष्टीने मात्र तो स्वर फार महत्त्वाचा आहे.

‘शेंदूर’ या शब्दाची हकीकत याहून उद्बोधक आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. मारुती-गणपतीच्या मूर्तींना जो माखतात तोच, आणि लोखंडी पूल, कठडे व तुळया गंजू नयेत म्हणून ज्याचा पहिला हात देत असत तोही तोच. संस्कृत ‘सिंदूर’ शब्दाला अमरकोशाने ‘नागसंभव’ असा पर्याय दिलेला आहे. रसशास्त्राच्या परिभाषेत ‘नाग’ म्हणजे शिसे; तेव्हा ‘नागसंभव’ म्हणजे शिशापासून झालेला. या नावात सर्पाच्या विषाची सूचना आहे असे समजणे चुकीचे ठरेल. परंतु पदार्थाचा उगम कोशकारास ठाऊक होता आणि तो त्याने नावात नोंदविला होता, एवढे निश्चित. व्यवहारात ‘शेंदूर’ टिकला आणि ‘नागसंभव’ कोशात राहिला. आज लोखंडावर देतात तो ‘रेड ऑक्साइड’ बहुधा लोहाचा असतो. परंतु शिशाचे ऑक्साइडही तांबडेच असल्यामुळे जुन्या कठड्यावरील तांबडा थर कशाचा आहे, हे नावावरूनही कळत नाही आणि डोळ्यांनाही कळत नाही.

तिसरा शब्द ‘मुर्दाडशिंग’. हे शिशाचे पिवळसर ऑक्साइड. जवसाच्या तेलात उकळले असता तेल लवकर वाळते, म्हणून रंगाच्या कामी त्याचा उपयोग होत असे. मूळ फारसी शब्द ‘मुर्दारसंग’ असा असून त्यात ‘संग’ म्हणजे दगड. मराठीत त्या ‘संगा’चे ‘शिंग’ झाले, म्हणजे लोकव्युत्पत्तीने दगडाचा प्राण्याशी संबंध जोडला. शिशाशी संबंध मुळातही नव्हता आणि नंतरही आला नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘शिसपेन्सिल’ हे आहे. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. असतो तो ग्रॅफाइट, म्हणजे कर्बाचे एक रूप. युरोपात ग्रॅफाइटला पूर्वी काळे शिसे समजत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कर्ब असल्याचे सिद्ध झाले, तरी शब्द तसाच राहिला आणि इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे आला. अशा रीतीने मराठी बोलणाऱ्या मुलास शाळेत ‘शिसे’ हा शब्द ज्या वस्तूबरोबर प्रथम भेटतो तीत शिसे नाही, आणि ज्या तीन वस्तूंत शिसे आहे त्यांपैकी एकीच्याही नावात तो शब्द नाही.

३

या पदार्थांचा उपयोग कोणाच्या दुष्टपणामुळे होत नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. जवसाच्या तेलात कालविलेला सफेदा लाकडाला घट्ट धरून बसतो, एका हातात पुष्कळ जागा झाकतो आणि ऊनपावसात वर्षानुवर्षे टिकतो. चांगला रंग म्हणजे सफेद्याचा रंग, ही कारागिरांची समजूत अनुभवावर आधारलेली होती. दोष असा की, शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही आणि विरत नाही. तेल सुकून रंग ठिसूळ होतो. शिसे आहे तेवढेच राहते. शंभर वर्षांपूर्वीचा रंग घासून भुकटी केली की ते पुन्हा हवेत येते, आणि श्वासावाटे, तसेच न धुतलेल्या हातांनी खाल्लेल्या भाकरीबरोबर शरीरात जाते.

शरीरात गेलेल्या शिशाचा फार मोठा भाग हाडांत साठतो. प्रौढ माणसाच्या अंगातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते, आणि तेथून ते निघून जाण्यास दशके लागतात. पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, मनगट लुळे पडून हात लोंबणे, मूत्रपिंडांचा विकार, ही मोठ्या बाधेची लक्षणे होत. हेन्री बर्टन या इंग्रज वैद्याने १८४० मध्ये हिरड्यांच्या कडेवरील निळसर रेघ हे बाधेचे चिन्ह म्हणून नोंदविले. लहान मुलांच्या आतड्यांत शिसे मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. भुकटीत रेघोट्या ओढणाऱ्या त्या मुलाचा उल्लेख वर केला तो याच कारणाने.

या विषाची जाणीव प्राचीनांना होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात शिशाच्या नळांतून आलेले पाणी आरोग्यास अपायकारक ठरविले आहे. त्याने दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. सफेदा शिशापासून होतो आणि तो अपायकारक आहे, असे तो म्हणतो, आणि पुराव्यादाखल शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या चेहऱ्यांवरील फिकेपणाकडे बोट दाखवितो. बांधकामाच्या शास्त्राचा जो ग्रंथ युरोपात आदिग्रंथ मानला जातो त्यातच कामगाराच्या शरीराचा हा दाखला आहे. त्यावरून निष्कर्ष मात्र पाणी पिणाऱ्या नागरिकासाठी काढला गेला, कारागिरासाठी नव्हे.

येथे एका प्रचलित चुकीची दुरुस्ती करणे आवश्यक आहे. प्लिनीने ॲस्बेस्टॉसचे काम करणाऱ्या गुलामांचा फुप्फुसरोग आणि त्यांचे मुखवटे यांचे वर्णन केले आहे, असे अनेक लेखांत वाचावयास मिळते. प्लिनीने ॲस्बेस्टॉसच्या कापडाचे कौतुक केले आहे हे खरे. परंतु प्राण्यांच्या पातळ मूत्राशयाचा मुखवटा तोंडावर बांधून काम करणाऱ्यांचा त्याचा उल्लेख हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या तांबड्या खनिजाच्या कारखान्यांसंबंधी आहे. दोन भिन्न ठिकाणची वाक्ये पुढील लेखकांनी एकत्र केली आणि एक नवीच कथा तयार झाली. तथापि मूळ उल्लेखही कमी मोलाचा नाही : भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून तोंड झाकले पाहिजे, ही गोष्ट इसवी सनाच्या पहिल्या शतकात माहीत होती.

४

सन १७०० मध्ये मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याचा कारागिरांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? औद्योगिक वैद्यकाचा आरंभ या प्रश्नापासून मानला जातो, आणि ते योग्यच आहे. रंगाच्या कामातील माणसे बहुधा आजारी आढळतात, आणि त्याचे कारण त्यांच्या हाताखालील शेंदूर, हिंगुळ व सफेदा यांत आहे, असे रामाझ्झिनीने लिहून ठेविले आहे.

परंतु धंद्याचे नाव विचारल्याने धंद्यातील काम कळतेच असे नाही. या बाबतीत वैद्यकाच्या इतिहासातील एक शब्द मनोरंजक आहे. फ्रान्समधील प्वातू प्रांतात सतराव्या शतकाच्या आरंभी पोटात कळा येण्याची साथ वर्णिली गेली. त्या प्रांतातील प्राचीन जमातीच्या नावावरून लॅटिनमध्ये रोगाला ‘कोलिका पिक्टोनुम’ हे नाव पडले. शिशाने गोड केलेली द्राक्षमदिरा हे त्याचे कारण होते, असे पुढे कळून आले. लॅटिनमध्ये रंगाऱ्यांच्या पोटशूळाला ‘कोलिका पिक्टोरुम’ म्हणत. एका वर्णाचा फरक. आणि रोग दोन्हीकडे एकच, शिशाचा. परंतु एक नाव प्रांताचे आणि दुसरे धंद्याचे असल्यामुळे दोन्हींचे कारण एक आहे हे ओळखण्यात पुष्कळ काळ गेला. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर याने इंग्लंडातील डेव्हन परगण्यातील तशाच रोगाचा संबंध सफरचंदाच्या मद्यात उतरलेल्या शिशाशी जोडून दाखविला.

त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसला गेला होता. तेथील शारिते इस्पितळाची या प्रकारच्या पोटशूळावरील उपचारांसाठी ख्याती होती. फ्रँकलिनने तेथे बऱ्या झालेल्या रोग्यांची यादी मिळविली आणि त्यांचे धंदे पाहिले. बहुतेक सर्व धंद्यांत कोणत्या ना कोणत्या रूपाने शिसे येत होते. दोन नोंदींचा मात्र उलगडा होईना : पाथरवट आणि शिपाई. इस्पितळातील एका वैद्याने त्याची शंका फेडली. पाथरवट लोखंडी कठड्यांची टोके दगडात बसविण्यासाठी वितळलेले शिसे ओतीत. आणि शिपायांना रंगाऱ्यांनी रंग घोटण्याच्या मजुरीवर लावले होते. ही हकीकत फ्रँकलिनने १७८६ मध्ये बेंजामिन व्हॉन यास लिहिलेल्या पत्रात आहे. एखादे उपयुक्त सत्य किती काळ माहीत असूनही आचरणात येत नाही, असा खेद त्याने त्या पत्राच्या शेवटी व्यक्त केला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाच्या इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग होय. इस्पितळाच्या वहीत ‘शिपाई’ असे लिहिले होते. ती नोंद खोटी नव्हती. तो माणूस शिपाईच होता. परंतु ज्या कामाने तो आजारी पडला त्या कामाचे नाव वहीत नव्हते. रंगाऱ्याला नाव होते. रंग घोटणाऱ्याला नव्हते. आपल्या हजेरीपत्रकातील ‘बिगारी’ या शब्दाची स्थिती हीच आहे. फारसी ‘बेगार’ म्हणजे वेठ, मोबदल्याशिवाय करून घेतलेले काम. आज बिगाऱ्याला मजुरी मिळते, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ गेला. परंतु अमुक एक काम असे ज्याला नाही तो बिगारी, ही त्या शब्दातील पोकळी तशीच राहिली आहे. आज तो विटा वाहतो, उद्या चुना कालवितो, परवा रंग खरवडतो. रामाझ्झिनीच्या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘बिगारी’ असे उत्तर देईल, आणि वैद्याला त्यातून काहीही कळणार नाही.

५

एकोणिसाव्या शतकात पुराव्याला संख्येचे बळ आले. तांकरेल दे प्लांश याने १८३९ मध्ये शिशाच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात शारिते इस्पितळातील सुमारे १,२०० रोग्यांचा अभ्यास आहे. त्यानंतर लवकरच पॅरिसमधील रंगकामाचे एक कंत्राटदार झां लक्लेर यांनी सफेद्याऐवजी जस्ताचा पांढरा रंग आपल्या कामांवर वापरण्यास आरंभ केला. म्हणजे १८५० पूर्वीच रोग माहीत होता, कारण माहीत होते आणि पर्यायही बाजारात होता. इंग्लंडात १८८३ च्या कायद्याने सफेदा तयार करणाऱ्या कारखान्यांवर बंधने घातली. कारखान्याला भिंती आणि दरवाजा असतो. निरीक्षक तेथे जाऊ शकतो. रंगाऱ्याचे कामाचे ठिकाण दर आठवड्याला बदलते. म्हणून कायदा प्रथम कारखान्यात गेला, नंतर ब्रशापर्यंत आला, आणि पत्रीपर्यंत येण्यास त्याला आणखी अवधी लागला.

ब्रशापर्यंतचा टप्पा फ्रान्समध्ये रंगाऱ्यांच्या संघटनेच्या दीर्घ चळवळीनंतर गाठला गेला. २० जुलै १९०९ च्या कायद्याने इमारतींच्या रंगकामात सफेद्याला बंदी झाली आणि ती १९१५ पासून अमलात यावयाची होती. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी रंगाऱ्यांच्या धंद्याची पाहणी करून १९१३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. ओला रंग हाताळण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका वाळलेला रंग कोरडा घासण्यात आहे, हे त्यांनी दाखवून दिले. इंग्लंडात कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक टॉमस लेग १८९८ पासून हेच सांगत आले होते की, शिशाचा प्रश्न मुख्यतः भुकटीचा आणि धुराचा प्रश्न आहे, आणि तो केवळ कामगाराच्या सावधपणावर सोडून चालणार नाही.

१९२१ मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या परिषदेने सफेद्यासंबंधीचा करार संमत केला. हा त्या संघटनेचा तेरावा करार. इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये, असा त्याचा मुख्य आशय होता. रेल्वे स्थानके आणि कारखाने यांना अपवाद ठेवण्याची मुभा होती आणि बाहेरील रंगकाम बंदीतून वगळले होते. पूर्ण बंदी मागणारे आणि ती नाकारणारे यांच्यामधील ही तडजोड होती. जेथे वापर चालू राहील तेथील नियमांत कोरड्या घासकामाच्या व खरवडण्याच्या भुकटीपासून संरक्षण करावे असे कलम होते. परंतु त्याला ‘शक्य असेल तेथे’ अशी मर्यादा जोडली होती. बाधेची आकडेवारी ठेवावयाची होती ती ‘रंगाऱ्यांची’. शारिते इस्पितळातील शिपाई या आकडेवारीतही आला नसता.

ब्रिटनने करार स्वीकारला नाही. त्याऐवजी १९२६ मध्ये स्वतंत्र कायदा करून नियमनाचा मार्ग पत्करला. टॉमस लेग यांनी या नकाराच्या निषेधार्थ त्याच वर्षी आपल्या पदाचा राजीनामा दिला. अट्ठावीस वर्षे सरकारी सेवेत घालविलेल्या अधिकाऱ्याने एका पांढऱ्या रंगासाठी पद सोडावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल. वस्तुतः पुढील पन्नास वर्षांत भिंतींवर आणि खिडक्यांवर किती शिसे चढणार आहे, याची त्यांना कल्पना होती असेच म्हणावे लागते. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये.

६

बंदीनंतरचा इतिहास सामान्यतः लिहिला जात नाही. कारण बंदी हा कथेचा शेवट समजला जातो. परंतु बंदी नव्या डब्याला लागू होते, जुन्या खिडकीला होत नाही. ज्या १९७८ साली अमेरिकेत घरगुती रंगावर बंदी आली त्याच वर्षी तेथील कामगारांसाठी हवेतील शिशाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. बांधकाम-कामगारांना मात्र त्यातून वगळण्यात आले. कामाची ठिकाणे बदलती, मालक अनेक, मोजमाप अवघड, ही कारणे जुनीच होती. त्यांच्यासाठी २०० मायक्रोग्रॅमची पूर्वीची मर्यादाच चालू राहिली. १९९२ मध्ये कायदेमंडळाने आदेश दिल्यावर १९९३ मध्ये त्यांना ५० ची मर्यादा लागू झाली. म्हणजे जुना रंग काढणाऱ्या माणसाला कारखान्यातील माणसाच्या बरोबरीस येण्यास पंधरा वर्षे लागली. त्या माणसाची फुप्फुसे निराळी नव्हती. त्याचे वर्गीकरण निराळे होते.

भारतातील कायद्यांकडे पाहिले असता हीच रचना दिसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात शिसेविषबाधेला स्थान दिले होते. परंतु त्या भरपाईसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असणे आवश्यक होते. नाक्यावरून दर दिवशी नवा मालक मिळणाऱ्या बिगाऱ्याला ही अट कधीच पुरी करता येण्यासारखी नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिसेविषबाधेची सूचना देणे बंधनकारक केले. पण ते कारखान्यापुरते. १९९६ च्या बांधकाम-कामगारविषयक कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती, देखभाल आणि पाडकाम यांचा स्पष्ट समावेश केला, ही मोठी प्रगती होती; तथापि तो दहा अथवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. खिडक्या घासणारी टोळी चार-पाच जणांची असते. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आले. हे नियम स्वागतार्ह आहेत. परंतु ते नव्या रंगाविषयी आहेत.

आता आपल्या शहरांतील जुन्या इमारतींचा विचार करावा. मुंबई बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापावे लागले, आणि त्या इमारतींचे जे वर्ग पाडले त्यांतील पहिला वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्यांचा होता. लाकडी जिने, सागवानी दारे-खिडक्या आणि लोखंडी कठडे हे त्यांचे वैशिष्ट्य. भिंतींना बहुधा चुना असे, म्हणून सर्वच पापुद्रे विषारी समजण्याचे कारण नाही. तैलरंग दिला जाई तो लाकडाला आणि लोखंडाला. आणि दुरुस्तीत घासले जाते ते नेमके हेच. वाडे, बंगले, जुनी कार्यालये, शाळा आणि महाविद्यालये यांनाही हेच लागू आहे. दर वेळी जुन्या थरावर नवा थर चढविला गेला असल्यामुळे सर्वांत खालचा, सर्वांत जुना थर सर्वांत शेवटी भुकटी होतो.

७

या निबंधात नावाला एवढे महत्त्व का दिले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शिशाच्या शेजारच्या एका उदाहरणाने देता येईल. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील फुप्फुसरोगावर मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल १९३० मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये १९३१ साली नियम झाले, तेही कारखान्यापुरतेच. इमारतींत नळांना आणि बॉयलरांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टन देणाऱ्या कामगारांकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्यांचे मालक सतत बदलत, त्यामुळे एकाही मालकाच्या वहीत रोगाचे चित्र उमटत नव्हते. इर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी मालकांच्या वह्या सोडून न्यूयॉर्क व न्यू जर्सी भागातील वेष्टनकामगारांच्या संघटनेची सभासदसूची हाती घेतली. १९४३ पूर्वी धंद्यात आलेल्या ६३२ सभासदांत फुप्फुस व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने ४५ मृत्यू झाले होते. सर्वसाधारण प्रमाणाने ते ६ किंवा ७ व्हावयास हवे होते. १९६४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि बांधकामातील ॲस्बेस्टॉसचा प्रश्न झाकून ठेवणे अशक्य झाले. ते शक्य झाले याचे कारण त्या कामाला स्वतंत्र नाव होते, आणि त्या नावाखाली माणसांची यादी होती. ती माणसे सूचीत केवळ ‘मजूर’ म्हणून असती, तर ४५ मृत्यू निरनिराळ्या इस्पितळांत विखुरले असते आणि त्यांची बेरीज कोणी केली नसती.

आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या प्रकरणात निर्णय देताना कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. तत्त्व उत्तम आहे. परंतु नोंद जपण्यासाठी आधी नोंद व्हावी लागते. येथेही सिमेंटच्या पत्र्याला आपण केवळ ‘पत्रा’ म्हणतो. जुने छप्पर उतरविणारा मजूर पत्रा फोडतो, ॲस्बेस्टॉस फोडीत नाही, निदान त्याच्या भाषेत नाही.

तेव्हा उपाय काय, याची दिशा इतिहासानेच दाखविली आहे. रंग खरवडण्यापूर्वी त्याचा एक तुकडा तपासून घ्यावा. कोरडे घासू नये, पृष्ठभाग पाण्याने भिजवून घासावा. ज्योतीने रंग जाळू नये, कारण त्याचा धूर भुकटीइतकाच वाईट. भुकटी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. आणि मुलांना तेथे बसवू नये. यांतील फारच थोडे नवे आहे. भुकटी, धुण्याची सोय आणि कामाचे वेगळे कपडे यांविषयीची कलमे १९२१ च्या करारातच होती, आणि ओल्या घासकामासाठी पाण्यात टिकणारा कागदही त्याच सुमारास निघाला होता.

यांत भाषेच्या अभ्यासकाचा वाटा लहान असला तरी निश्चित आहे. या विषयावरील सूचना मराठीत लिहिताना आपण ‘शिसेयुक्त लेपन’ अशी परिभाषा घडवितो, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली तो सफेदा, शेंदूर, रोगण, लांबी आणि पत्रा या शब्दांत काम करीत असतो. सूचनेत त्याचा शब्द यावा, आणि त्या शब्दाला जोडून धातूचे नाव यावे : सफेद्यात शिसे आहे, शेंदरात शिसे आहे. अमरकोशाच्या कर्त्याने ‘नागसंभव’ या एका शब्दात जे केले त्याहून हे निराळे नाही. दुसरी गोष्ट हजेरीपत्रकाची. ‘बिगारी’ या रकान्याशेजारी त्या दिवशीचे काम लिहिण्यास एक ओळ पुरते : ‘जुना तैलरंग घासणे, तीन दिवस.’ पुढे वीस वर्षांनी त्या माणसाचा हात लुळा पडला किंवा मूत्रपिंडे निकामी झाली, तर वैद्याच्या हाती ती ओळ असेल.

ज्या खिडक्यांचा उल्लेख आरंभी केला त्या आता सुंदर दिसतात. त्यांवरचा जुना रंग कशाचा होता हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही. भुकटी राडारोड्याबरोबर गेली, आणि ती माणसे दुसऱ्या नाक्यावर गेली. आपल्यापैकी अनेकांचे विभाग अशाच जुन्या इमारतींत आहेत. पुढील उन्हाळ्यात परांची बांधली जाईल तेव्हा रामाझ्झिनीचा प्रश्न थोडा बदलून विचारण्यास हरकत नाही : तुमचा धंदा कोणता, असे न विचारता, आज हाताखाली काय आहे, असे विचारावे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत काम थांबवावे.